थोरल्यांची हालचाल

सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला थोरल्यांचा फोन वाजला आणि वहिनींच्या हातातला चहा कपातून बशीत, बशीतून टेबलावर आणि टेबलावरून धाकट्यांच्या पँटवर आला. दर सोमवारी त्याचा हाच रस्ता असायचा. धाकट्यांनी खुर्ची बदलून पाहिली होती, टेबल भिंतीला लावून पाहिलं होतं. पण चहा त्यांना बरोबर शोधून काढायचा.

धाकट्यांच्या बायकोने फोन हातात घेतला आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचून दाखवलं, "नमस्कार थोरले! बरेच दिवस तुमची काहीच हालचाल नाही. सगळं ठीक आहे ना?"

थोरल्यांची हालचाल बंद होऊन चौदा महिने झाले होते.

"मोठ्यानं वाचायलाच हवं होतं का?" धाकटे पँट झटकत म्हणाले.

"मनातल्या मनात वाचलं असतं तर चहा काय परत कपात गेला असता?"

वहिनींनी फडकं आणलं, टेबल पुसलं, फडकं धुऊन पिळून खिडकीत वाळत घातलं. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "भाऊजी, पुढच्या सोमवारी हा परत विचारायला आला, तर मी माझ्या बहिणीकडे राहायला जाते. कायमची. माणूस एकदा गेला की एकदाच जातो. माझा दर सोमवारी जातोय. मला नाही सोसवत आता."

वहिनी उगाच बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या घरात स्वयंपाक वहिनींचा होता आणि तोंड धाकट्यांच्या बायकोचं होतं. त्यामुळे वहिनी बोलल्या की ते खरं होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्यांनी पँट झटकायची थांबवली. आधी भाऊ गेला, आता वहिनी गेल्या तर त्या घरात उरणार काय? धाकटे, त्यांची बायको आणि तिचं बोलणं.

दुकान घराच्याच खाली होतं. फोटो आणि फ्रेमचं दुकान. दोघा भावांनी चाळीस वर्षं ते मिळून चालवलं, आणि सगळ्या वस्तीने त्यांची खरी नावं विसरून त्यांना थोरले आणि धाकटे करून टाकलं. थोरले पुढे काउंटरवर बसायचे, लाकडाच्या पट्ट्या कापायचे, काच बसवायचे आणि अखंड बोलायचे. धाकटे मागच्या खोलीत तीन केसांचा ब्रश घेऊन फोटो दुरुस्त करायचे आणि अखंड गप्प बसायचे. फाटलेले चेहरे जोडणं, पुसट मिशा गडद करणं ही किरकोळ कामं. त्यांचा हातखंडा होता तो डोळे उघडण्यात. घरातलं म्हातारं माणूस जायचं आणि मग कळायचं की त्याचा एकही धड फोटो नाही. नातेवाईक तो शेवटचा, मिटलेल्या डोळ्यांचा फोटो घेऊन यायचे, आणि आठ दिवसांत धाकटे त्याचे डोळे उघडून द्यायचे. हजारभर मेलेल्या माणसांनी त्यांच्या हातून जगाकडे पुन्हा पाहिलं होतं.

आता हे दर सोमवारी विचारपूस करणारं जाहिरातीचं खातं. दोन वर्षांपूर्वी थोरले दुकानदारांच्या कुठल्याशा सभेला गेले आणि तिथून डोक्यात वारं भरून परत आले. मोबाइलवर जाहिरात करायची! खातं उघडलं, स्वतःचा हसरा फोटो टाकला, चार दिवस जाहिरात चालवली. पाचव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपलं गिऱ्हाईक कोणीतरी गेल्याशिवाय येत नाही, आणि जाहिरात बघून कोणी लवकर जात नाही. त्यांनी ती थांबवली आणि खातं विसरून गेले. मग स्वतःही गेले. खातं मात्र त्यांना विसरलं नव्हतं.

फोन बंद करून टाकायचा प्रश्नच नव्हता; दुकानाच्या पाटीवर तोच नंबर होता. समोरच्या मोबाइलवाल्याने एकदा त्याचा आवाज बंद करून दिला, तर गिऱ्हाइकांचे फोनही ऐकू येईनासे झाले आणि एका कुटुंबाला तीन दिवस वाट पाहून आजोबांचा फोटो दुसरीकडे द्यावा लागला. तिथल्या माणसाने आजोबांना तिरळे करून ठेवले.

मंगळवारी धाकटे फोन घेऊन रस्ता ओलांडून मोबाइलवाल्याकडे गेले. मोबाइलवाला चाळिशीचा, उत्साही आणि कशालाच न घाबरणारा माणूस होता. त्याच्या हातून बरेच फोन बरे झाले होते आणि त्याहून जास्त कामी आले होते.

"दोन मिनिटांचं काम आहे, काका," तो म्हणाला आणि दोन तासांनी त्याने घाम पुसला. "काका, एक अडचण आहे. खातं बंद करायचं तर आधी ते चालू असावं लागतं."

"मग करा चालू."

"चालू करायला मालकाचा चेहरा लागतो. कॅमेऱ्यासमोर. जिवंत."

"मालक वारला, असं कळवायची काही सोय नसेल का?"

"आहे की!" मोबाइलवाल्याने शोधून काढली. मृत्यूचा दाखला जोडायचा होता. धाकट्यांनी घरून आणला, त्याचा फोटो पाठवला, आणि दोघं स्टुलावर बसून राहिले. अर्ध्या तासाने उत्तर आलं. मोबाइलवाल्याने ते एकदा वाचलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं. "आपल्या निधनाची विनंती मिळाली. सुरक्षेच्या कारणास्तव खातेदाराने स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन या विनंतीला संमती द्यावी."

"म्हणजे दादानं येऊन सांगायचं, की मी गेलोय?"

"चोवीस तासांत," मोबाइलवाला म्हणाला.

बुधवारी मदतकेंद्राला फोन लावला. अर्धा तास वाजंत्री ऐकवून झाल्यावर एक बाई बोलायला आल्या. त्यांचा आवाज फार गोड होता.

"आपण थोरले बोलताय का?"

"नाही, मी धाकटा भाऊ. थोरले वारले."

"अरेरे! आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. ते कधी उपलब्ध होतील?"

"बाई, ते वारलेत."

"हो सर, मी नोंद केलीय. तर थोरल्यांकडे जरा फोन देता का? खात्याबद्दल मला फक्त त्यांच्याशीच बोलता येतं."

धाकट्यांनी फोन मोबाइलवाल्याकडे दिला. त्याने आवाज जाड करून "हां, थोरले बोलतोय," म्हणून पाहिलं. बाईंनी त्याला थोरल्यांची जन्मतारीख विचारली, ती त्याला येईना, तेव्हा तो खोकल्याचं निमित्त करून फोन ठेवून मोकळा झाला.

गुरुवारी शेवटचा उपाय म्हणून धाकटे स्वतःच कॅमेऱ्यासमोर बसले. दोघे भाऊ जुळे शोभावेत इतके सारखे होते. थोरल्यांना द्यायच्या शिव्या लोक चाळीस वर्षं धाकट्यांना देऊन जात होते. बायकोने त्यांचे केस थोरल्यांसारखे मागे वळवून दिले. पडद्यावर गोल आला. "चेहरा गोलात आणा. डावीकडे बघा. डोळे मिटा. डोळे उघडा." धाकट्यांनी सगळं इमानेइतबारे केलं. चाक फिरलं, फिरलं आणि उत्तर आलं: "आपण थोरले नाहीत."

"बघा," बायको म्हणाली, "आख्ख्या वस्तीत हा एकच निघाला ओळखणारा."

मोबाइलवाला डोकं खाजवत धाकट्यांकडे बघत राहिला. मग त्याची ट्यूब पेटली. "काका! मशीनला काय पाहिजे? थोरल्यांचा चेहरा, आणि डोळ्यांची एकदा उघडझाप. चेहरा फोटोत आहे. तुम्ही हजार मेलेल्यांचे डोळे उघडलेत. मग एका हसऱ्या माणसाचे मिटायला काय जड आहे? दोन फोटो करा, एक उघड्या डोळ्यांचा, एक मिटलेल्या. वरचा पटकन उचलला की झाली उघडझाप."

बायकोलाही ते पटलं. धाकट्यांनी मात्र फोन खिशात टाकला आणि दुकानात जाऊन शटर अर्धं ओढून घेतलं.

त्यांना जड होतं, आणि किती जड होतं ते त्यांनाच ठाऊक. काउंटरच्या मागच्या भिंतीवर चौदा महिने एक रिकामी फ्रेम लटकत होती. थोरल्यांनी ती जिवंतपणीच स्वतःसाठी कापून ठेवली होती. "तुझा काटकोन कधी काटकोन नसतो," ते धाकट्यांना म्हणाले होते, "मला मेल्यावर तिरकं बसायचं नाही." येणारं गिऱ्हाईक त्या फ्रेमकडे बघायचं, तिच्यातून मागचा भिंतीचा पोपडा बघायचं आणि विषय बदलायचं. वहिनी सुरुवातीला विचारायच्या, "फोटोचं कुठवर आलं?" मग त्यांनी विचारणं सोडलं आणि दुकानात उतरणंही सोडलं. धाकट्यांनी सहा वेळा फोटो घेऊन बैठक मारली होती. सहाही वेळा डोळ्यांशी आले आणि उठले.

कारण थोरले कसे गेले हे धाकट्यांनी कोणालाही खरं सांगितलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं ते एवढंच, की संध्याकाळी पाच वाजता खुर्चीत बसल्या बसल्या गेले, क्षणात गेले. खरं म्हणजे ते तीनला गेले होते. जेवण झाल्यावर खुर्चीत डुलकी काढायची त्यांची सवयच होती. धाकटे तीन ते पाच या वेळात मागच्या खोलीतून तीनदा पुढे आले. एकदा पट्टी न्यायला, एकदा पाणी प्यायला आणि एकदा चक्क थोरल्यांच्या खिशातली पेन्सिल काढून घ्यायला. मधे शिवणवाल्या बाई त्यांच्या सासूचा फोटो न्यायला आल्या, तेव्हा धाकटे ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू बोला. दादा झोपलाय." आणि आत जाऊन कुणा परक्या म्हाताऱ्याचे डोळे उघडत बसले.

ज्याने जन्मभर मिटलेलेच डोळे बघितले, त्याला सख्ख्या भावाचे ओळखता आले नाहीत. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की काही करण्यासारखं नव्हतंच. पण धाकट्यांना त्या दोन तासांची लाज वाटत होती, चौदा महिने, दररोज, पेन्सिल हातात घेतली की.

पण सोमवार जवळ येत होता. शुक्रवारी सकाळी त्यांनी एकाच फोटोच्या दोन मोठ्या प्रती काढल्या. पहिलीचे डोळे जरा उजळले. दुसरी समोर ठेवली आणि तीन केसांचा ब्रश उचलला. पापणी मिटवायची म्हणजे नुसता कातडीचा रंग फासून चालत नाही. खालच्या बुबुळाचा फुगवटा दिसावा लागतो, पापण्यांच्या केसांची सावली गालावर पडावी लागते. धाकट्यांना काहीही आठवावं लागलं नाही. तो चेहरा त्यांनी त्या दुपारी तीनदा जवळून पाहिला होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात मात्र जराही हलत नव्हता. दुपारच्या चहाच्या वेळेला थोरले झोपले.

शनिवारी सकाळी मोबाइलवाला, धाकटे आणि त्यांची बायको दुकानात जमले. मोबाइलवाल्याने फोन धरला. बायकोने दोन्ही फोटो एकावर एक धरले, उघड्या डोळ्यांचा वर.

"चेहरा गोलात आणा," मोबाइलवाल्याने वाचलं.

"आणला."

"डावीकडे बघा."

बायकोने थोरल्यांना डावीकडे वळवलं. "गप्प कसे उभे राहिलेत बघा भाऊजी," ती म्हणाली, "जिवंतपणी पाच मिनिटं राहिले नसते."

"हसा, म्हणतंय."

"ते हसतातच आहेत. तुम्ही पुढचं बघा."

"डोळे मिटा. उघडा."

बायकोने वरचा फोटो फटकन उचलला आणि फटकन खाली आणला. चाक फिरलं. धाकटे भिंतीला टेकून दुसरीकडे बघत होते. आणि फोनमधून सनई-चौघड्यासारखं काहीतरी वाजलं: "अभिनंदन! आपण जिवंत आहात याची खात्री पटली. थोरले, आपण परत आलात याचा आम्हाला फार आनंद आहे."

मोबाइलवाल्याने टाळी वाजवायला उचललेला हात तसाच खाली घेतला.

"आता करा बंद," धाकटे म्हणाले.

"एक मिनिट. हं... काका, थोरल्यांची थांबलेली जाहिरात आहे ना, खातं चालू झाल्याबरोबर ती आपोआप सुरू झालीय. थोडे पैसे शिल्लक राहिलेत, ते संपेपर्यंत ती चालणार. उद्या दुपारपर्यंत. मग बंद करता येईल."

"जाहिरातीत होतं काय?" बायकोने विचारलं.

मोबाइलवाल्याने ती उघडली. थोरल्यांचा हसरा फोटो. खाली त्यांचेच शब्द: "मी थोरले. ओळखलंत ना? अजून तुम्ही आला नाहीत! तुमच्यासाठी जागा ठेवलीय. उशीर करू नका." आणि त्याखाली कंपनीने स्वतःहून लावलेली हिरवी टिकली: "थोरले आत्ता ऑनलाइन आहेत."

"कोणाकोणाला दिसते ही?"

"आजूबाजूच्या चार रस्त्यांवर," मोबाइलवाला म्हणाला, "आणि वय वर्षं साठच्या पुढे फक्त."

म्हणजे थोरल्यांना पोचवायला जे आले होते, नेमके ते सगळे.

पहिला फोन दहा मिनिटांत आला. एका आजींनी काही न बोलता नुसता श्वास ऐकला आणि ठेवून दिला. दुसऱ्याने विचारलं, "तिकडे थंडी आहे का?" दुपारपर्यंत चार रस्त्यांवरची म्हातारी माणसं एकमेकांच्या दारात उभी राहून मोबाइल दाखवत होती. तुलाही आलं? मलाही आलं. दोघा जणांनी मुलांना बोलावून कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते सांगून टाकलं. औषधांच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या.

रविवारी सकाळी हेडमास्तर आले. हे पलीकडच्या रस्त्यावरचे निवृत्त हेडमास्तर पाच महिने पलंगावरून उठले नव्हते. वीस वर्षांपूर्वी शाळेच्या ग्रुपफोटोत थोरल्यांनी त्यांचं डोकं फ्रेमखाली अर्धं कापलं होतं, तेव्हापासून त्यांचं थोरल्यांशी बोलणं बंद होतं. ते काठी आपटत, लटपटत पण तावातावाने दुकानात शिरले. मागून त्यांची सून चपला हातात घेऊन धावत होती.

"कुठंय तो?"

"सर, तो गेला," धाकटे उठून म्हणाले. "तुम्ही पोचवायला आला होतात."

"गेला ना? मग मला बोलावतो कशाला? जागा ठेवलीय म्हणे! त्याला कळव, मी येत नाहीये. आणि यावंच लागलं तर त्याच्या शेजारी बसणार नाही!"

"कळवतो, सर."

"बाबा चालले!" सून दारातच रडायला लागली. "डॉक्टर म्हणाले होते, हे आता उठायचे नाहीत!"

हेडमास्तरांच्याही ते आत्ताच लक्षात आलं. त्यांनी स्वतःच्या पायांकडे संशयाने पाहिलं आणि स्टूल ओढून बसले. "आलोच आहे तर माझा फोटो काढून घे. आत्ता, डोळे उघडे आहेत तोवर. तुझ्यावर सोडलं तर तू सगळ्यांना एकाच माणसाचे डोळे लावतोस." त्यांच्या मागोमाग आणखी सात-आठ जण आले. कोणी काठी टेकत, कोणी मुलीचा हात धरून. सगळ्यांना फोटो काढून हवा होता, आणि सगळे दबक्या आवाजात विचारत होते, "खरंच ऑनलाइन आहेत का हो ते?"

या गर्दीतून वाट काढत वहिनी आल्या. त्यांचं वय बासष्ट होतं. जाहिरात त्यांच्याही फोनवर आली होती.

कित्येक महिन्यांनंतर त्या दुकानात उतरल्या होत्या. गर्दी आपोआप बाजूला झाली. कोणाकडेही न बघता त्या थेट मागच्या खोलीत गेल्या. धाकटे त्यांच्या मागे गेले आणि पडदा ओढून घेतला. टेबलावर दोन्ही थोरले शेजारी शेजारी ठेवलेले होते. वहिनींनी उघड्या डोळ्यांच्या फोटोवरून नजर फिरवली आणि दुसरा हातात घेतला.

"हा कधीचा?"

"तो... तो मशीनसाठी केला, वहिनी. खातं बंद करायला."

"हा त्या दुपारचा आहे," वहिनी म्हणाल्या.

धाकट्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"शिवणवाल्या बाई त्याच आठवड्यात मला सांगून गेल्या. तुम्ही त्यांना म्हणालात, हळू बोला, दादा झोपलाय."

"वहिनी, मला कळलं नाही हो." धाकट्यांचा बांध फुटला. "हजार चेहरे बघितले, आणि माझा भाऊ समोर... मी त्याच्या खिशातून पेन्सिल काढून घेतली. मला कळलंच नाही."

"मलाही कळलं नसतं. पस्तीस वर्षं मी रोज सकाळी त्यांना हलवून बघायचे, आहेत ना म्हणून. इतके मेल्यासारखे झोपायचे." वहिनींनी फोटोवरची नसलेली धूळ पदराने पुसली. "भाऊजी, ते गेल्यावर दोन तास कोणीतरी त्यांच्यासाठी हळू बोलत होतं. रडारड नाही, आरडाओरडा नाही. मला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही. मला राग आला तो त्या रिकाम्या फ्रेमचा. मला वाटलं, तुम्हाला त्यांचा चेहरा आठवायचा कंटाळा आला."

"फोटो आज लावतो. तो उघड्या डोळ्यांचा—"

"हा लावा."

"मिटलेल्या डोळ्यांचा? वहिनी, लोक काय म्हणतील? डोळे उघडून द्यायचं आपलं दुकान."

"म्हणू देत. जागे ठेवलेत तर दिवसभर तुमच्या चुका काढत बसतील."

दुपारी फ्रेम भरली. थोरल्यांनी कापलेली फ्रेम होती, काटकोनात बसली. हेडमास्तरांनी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "डोकं पूर्ण आलंय. स्वतःचं बरोबर बसवतो लबाड." मग मोबाइलवाल्याने वहिनींच्या समोर फोन धरला. जाहिरात संपली होती. बंद करण्याचं कारण निवडायचं होतं: मला फायदा झाला नाही, मला दुसरीकडे चांगलं मिळालं, मी थोडी विश्रांती घेत आहे. चौथं कारण नव्हतं. वहिनींनी थोडा विचार करून विश्रांतीवर बोट ठेवलं. किती दिवस, असा पुढचा प्रश्न होता. त्यांनी "कायमची" निवडलं आणि फोन परत दिला. पावती कुठे पाठवायची असं विचारलं तेव्हा मोबाइलवाल्याने शहाणपणा करून थोरल्यांचा नंबर काढून धाकट्यांचा घातला. उगाच वहिनींच्या कानावर पुन्हा आवाज नको.

सोमवारी वहिनी चहा घेऊन खालीच आल्या आणि कोणाला न विचारता काउंटरमागच्या थोरल्यांच्या खुर्चीत बसल्या. धाकट्यांनी सवयीने मांडीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं. घड्याळात दहा वाजले. थोरल्यांचा फोन काउंटरवर पडून होता, तो गप्प राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. वहिनींनी कप तोंडाला लावला आणि आश्चर्याने म्हणाल्या, "गरम आहे."

धाकट्यांनी वर्तमानपत्राची घडी करून बाजूला ठेवली आणि आपला कप उचलला. त्याच क्षणी त्यांच्याच खिशात फोन वाजला. चहा कपातून बशीत, बशीतून काउंटरवर आणि काउंटरवरून धाकट्यांच्या पँटवर आला.

बायकोने फोन काढून घेतला. "नमस्कार धाकटे! आपण आमच्याशी जोडले गेलात याचा आनंद आहे. पण अजून तुमची काहीच हालचाल नाही. सगळं ठीक आहे ना?"

वहिनींच्या खांद्यांना काहीतरी झालं. धाकट्यांना वाटलं, रडताहेत, आणि ते घाबरून उठले. पण त्या हसत होत्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. "भाऊजी, आता तुमची पाळी! द्या, उत्तर द्या त्याला. ह्यांना कधी देता आलं नाही."

धाकट्यांनी फोन हातात घेतला. सगळं ठीक आहे ना, हे त्यांना चौदा महिन्यांत पुष्कळांनी विचारलं होतं, आणि प्रत्येकाला त्यांनी हो म्हणून सांगितलं होतं. त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: "नाही. दादाची फार आठवण येते." वहिनींनी वाकून ते वाचलं. मग स्वतःच्या कपातला अर्धा चहा त्यांच्या रिकाम्या कपात ओतला.

उत्तर लगेच आलं. "वा! ऐकून आनंद झाला. चला तर मग, जाहिरात कधी सुरू करूया?"

"मेल्या, तुला काही जनाची नाही तर मनाची!" धाकट्यांची बायको फोनवर तोंड नेऊन ओरडली. "इथं माणसं कशात आहेत आणि तुला जाहिरात सुचते? थांब, तुझं चांगलं खेटरानं—"

"अगं हळू बोल," वहिनी ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीकडे मान केली. "हे झोपलेत."

धाकट्यांच्या बायकोने वर फोटोकडे पाहिलं, जीभ चावली, आणि उरलेल्या शिव्या कुजबुजत दिल्या.